उसन्या कातण्यामागे रोह्यापर्यंत

पेणहून सकाळी निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे जावईबापू. सासू आणि जावई असे दोघंच सहलीला निघालेले तुम्ही कधी पाहिले नसतील. मीही पाहिले नव्हते. पण चूक जावयाची होती आणि गाडीही त्यांनाच चालवता येते, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. लेक वनिता दारात उभी राहून हसत होती. मी तिला सांगितलं, "हसू नको. बाबांना वेळेवर जेवायला वाढ, आणि द्वारकीने विचारलं तर आई बाजारात गेली म्हण."

जायचं होतं गडबपर्यंतच. वस्तू तिथे मिळाली असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

वस्तू म्हणजे कातणं (करंजीची कडा कापायची दातेरी फिरकी). पितळेचं, हातात जड लागणारं, फिरवलं की न अडखळता फिरणारं. ते माझं नव्हे. द्वारकीचं आहे, आणि तिच्याही आधी तिच्या सासूचं. द्वारकी म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. ती विळी देईल, पाटा देईल, पण कातणं कोणाला देत नाही. या वेळी माझ्या कातण्याचं चाक निखळलं आणि जावई संक्रांतीला ठाण्याहून येणार होते. त्यांना ओल्या नारळाच्या करंज्या लागतात. तेव्हा द्वारकीने कातणं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "तुला म्हणून देते गो. दुसरीला दिलं नसतं." हे वाक्य ज्याला कोणी ऐकवलं असेल त्यालाच त्याचं वजन कळेल.

आता तिच्या नातीचं लग्न आलं. रुखवताच्या करंज्यांना बायका दोन दिवसांनी सकाळी जमणार, म्हणून आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने भिंतीपलीकडूनच हाक दिली, "कातणं धाड गो!" मी खिडकीत बघितलं. धुऊन वाळत ठेवलं होतं ते नाही. घरभर शोधलं. शेवटी जावई खुर्चीतून म्हणाले, "ते पितळी चाक होय? ते मी परवा गडबच्या डब्यात ठेवलं. मला वाटलं, जुनं खेळणं आहे."

ताटभर करंज्या खाल्ल्या या माणसाने. त्यांची कडा कशाने कापतात हे त्यांना ठाऊक नाही.

डबा म्हणजे काय तेही सांगते, कारण मलाही तेव्हाच कळलं. शहरातल्या शिकलेल्या लोकांचा एक खेळ आहे, जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी रानात, बांधावर, दगडाखाली एक डबा लपवतो आणि त्याची जागा मोबाईलवर टाकतो. दुसरे लोक पेट्रोल जाळून तो शोधायला येतात. आत कागद असतो, त्यावर नाव लिहायचं. वस्तूही असतात. त्यातली एखादी घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची आपली ठेवायची. जावई हे मला असं समजावत होते की जणू देवाणघेवाण ही गोष्ट त्यांनीच शोधून काढली. मी म्हटलं, "आणि दुसऱ्याची वस्तू ठेवायची हा कुठला नियम?" त्यावर ते मोबाईलकडे बघत बसले.

आम्हा बायकांना हे नवीन नाही. संक्रांतीचं वाण लुटतो त्यात दरवर्षी हेच चालतं. कोणी कंगवे वाटते, कोणी साबणाच्या डब्या. मी यंदा चहाच्या प्लॅस्टिकच्या गाळण्या लुटल्या. बाजारात स्वस्त मिळत होत्या, डझनाने घेतल्या. द्वारकीने तिची गाळणी उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "बारीक हाय. पावडर अडकंल हिच्यात." वाण घेताना असं बोलू नये. पण ती बोलते.

असो. तर गाडी निघाली.

पेण सोडल्यावर हायवे लागतो. हायवे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. इकडून तिकडे वळवतात, तिकडून इकडे आणतात, आणि मधे धूळ. जावई म्हणाले, "आई, काच वर घ्या." काच वर घेतली तर गरम होतं, खाली केली तर पावडर लावल्यासारखं तोंड होतं. मी खालीच ठेवली. निदान पैसे न देता पावडर.

गडबला एका दुकानाशेजारी गाडी लावली. दुकानाच्या मागून बांध सुरू होतो. भात कधीच कापून झालेलं, जमिनीच्या ओलीवर वाल केलेले, शेंगा भरलेल्या. जावई मोबाईल निरांजनासारखा दोन्ही हातांनी समोर धरून बांधावरून चालत होते, त्यामुळे पाय कुठे पडतो ते त्यांना दिसत नव्हतं. दोनदा वालात उतरले. मी मागून पिशवी घेऊन. पिशवीत पोह्याचे पापड होते. ज्याच्याकडे कातणं असेल त्याच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घेतले होते.

वालात एक बाई शेंगा काढत होती. तिने मान वर केली. "काय हरवलं गो मावशे?"

जावई माझ्या कानाशी आले. "आई, सांगू नका हं. डबा गुप्त असतो. बाहेरच्या माणसांना कळता कामा नये."

"कातणं हरवलं," मी तिला सांगितलं. "डब्यात ठेवलंय म्हणतात."

"सावरीखालच्या डब्यात?" बाईने हातातल्या विळ्यानेच झाड दाखवलं. "त्यो दगुड उचला. आमची पोरं पण बघतात कधी कधी. पयल्यांदा वाटलं कोणी करणी केली. आमच्या ह्यांनी घाबरत घाबरत उघडला. आत काय, तुटका कंगवा नि कागूद! म्हटलं, एवढी गरीब करणी कोण करील?"

जावयांचं तोंड उतरलं. तरी विचारलंच, "तुम्ही आतलं काही घेतलं नाही ना?"

"घेण्यासारखं ठेवता कधी, दादा?"

मला ती बाई पटली.

दगड उचलला. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. उघडला. गंज लागलेली किल्ली, शाम्पूची पुडी, रिकामी लिपस्टिक, प्लॉट विकणाऱ्याचं कार्ड, मणी नसलेली माळ, आणि सर्कशीतल्या हत्तीसारखं काहीतरी रबरी, सोंड तुटलेलं. जावई भक्तिभावाने एकेक वस्तू बाहेर काढून झाकणावर मांडत होते. ठाण्यापासूनच्या लोकांनी गाड्या काढून इथे येऊन हे ठेवलं होतं. आमच्याकडे कचऱ्याची गाडी दारात येते, एवढा त्रास पडत नाही.

कातणं नव्हतं.

पण सगळ्यात खाली एक कापडात गुंडाळलेली वस्तू होती. सोडली तर अडकित्ता. लहानसा, पितळी मुठीचा, पोपटाच्या आकाराचा. पातं पोलादी आणि अजून धार धरून होतं.

"हे काय? पक्कड?" जावई म्हणाले.

मी विचार करत होते. ज्याने हा ठेवला त्याला कातणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. खेळणं समजून नेणारा माणूस शाम्पूची पुडी ठेवून गेला असता.

जावयांनी मोबाईलवर बघितलं. काल कोणीतरी येऊन गेलं होतं आणि तिथे लिहून गेलं होतं. या खेळात स्वतःचं नाव लावत नाहीत, सोंगातली नावं घेतात. हिचं नाव होतं 'रोह्याची राणी'. आणि लिहिलं होतं, 'खरी वस्तू मिळाली. खरी ठेवली.'

"विचारा तिला," मी म्हटलं. "म्हणावं, कातणं परत पाहिजे."

"असं मागत नाहीत, आई. तिने रीतसर बदली केली आहे. दिलेली वस्तू परत मागणं या खेळात फार असभ्य समजतात."

"आणि सासूच्या शेजारणीची वस्तू न विचारता नेणं काय समजतात?"

मी अडकित्ता पिशवीत टाकला. तेव्हा त्यांना कंठ फुटला. "आई, तुम्ही काढलात तर काहीतरी ठेवावं लागेल."

"हे पापड ठेवा."

"खाण्याचं ठेवत नाहीत. मुंग्या येतात, माकडं डबा पळवतात."

"मग अडकित्ताच ठेवते परत."

"तोही खरं म्हणजे चालत नाही. धारदार वस्तू ठेवायला बंदी आहे. राणीने नियम मोडला आहे."

खाणं चालत नाही, धार चालत नाही. म्हणजे घरात ज्याचा उपयोग होतो ते काहीच चालत नाही. मग उरतं काय? जे झाकणावर मांडलं होतं ते. शेवटी जावयांनी आपल्या खिशातून एक किल्ली अडकवायचं कडं काढून आत ठेवलं आणि त्यांना बरं वाटलं. मी रिकामी लिपस्टिक आणि शाम्पूची पुडी उचलून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली, टाकून देण्यासाठी. त्यावरही ते काहीतरी बोलणार होते, पण माझं तोंड बघून थांबले.

परत जाताना वालातल्या बाईने विचारलं, "गावलं?"

"नाय. रोह्याला गेलंय."

"अगो बाय! चालत?" ती पोट धरून हसली आणि ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. मी काही मागितलं नव्हतं. मी तिला पापडांचं एक पुडकं दिलं. तिने नाकाशी धरून वास घेतला आणि ओटीत ठेवलं.

"बघा आई," जावई खूश झाले. "हाच तर आमचा खेळ!"

"हा नव्हे," मी म्हटलं. "तिने सडक्या शेंगा दिल्या असत्या तर मी तिच्या तोंडावर सांगितलं असतं. तुमच्या त्या लिपस्टिकवाल्या बाईला मी कुठे शोधू?"

गाडीत बसल्यावर राणीला निरोप धाडायला लावला. अगदी नाइलाजाने, बोटाने एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं. उत्तर नाही. मी म्हटलं, रोह्याची आहे ना? मग रोह्याकडे चला. उत्तर वाटेत येईल.

नागोठणं गेलं. खांब आलं. खांब हे माझं माहेर. जावयांनी विचारलं, "थांबायचं का, आई?" ते भले आहेत, तेवढं मी कबूल करते. पण कशाला थांबायचं? आमच्या घराच्या जागी आता धाबा आहे. मी चौथीपर्यंत ज्या शाळेत गेले ती रस्त्यापासून आत आहे. तिच्यात मला काय शिकवलं ते माझ्याजवळ आहे, ते बघायला तिथे जावं लागत नाही. "चला पुढे," मी म्हटलं.

कोलाडला चहासाठी उतरलो. टपरीवर गरम कांदाभजी निघत होती. भजी चांगली होती. चहा नुसती साखर. माझी भजी अर्धी खाऊन होते तोच जावई उठले. "आई, इथे मागच्या बाजूला एक डबा दाखवतोय. आलोच आहोत तर दोन मिनिटांत बघून येतो."

शेजारीण उद्याच्या करंज्यांसाठी वाट बघते आहे, आणि यांना आणखी एक डबा. काही माणसांना बोलून कळत नाही, रानानेच शिकवावं लागतं.

आणि रानाने शिकवलं. दोन मिनिटांत ते परत आले ते नाचत. हात, मान, कान, सगळीकडे खाजवत होते. टपरीवाल्याने झाऱ्यावरची नजर न हलवता विचारलं, "झुडपात घुसले व्हय?"

"डबा होता," जावई कळवळून म्हणाले.

"डबा नाय, खाजकुयली हाय ती. शेंग वाळली की लव उडते तिची. खाजवू नका, अजून पसरंल. शेण लावा दादा. तिकडं म्हैस बांधलीय बघा."

"शेण?"

"ताजं. लगेच उतरतंय."

मुलाखतीला जाताना घालतात तसला शर्ट होता अंगात. ते माझ्याकडे बघायला लागले. मी भजी खात होते. शेवटी टपरीवाल्यालाच दया आली आणि त्याने खोबरेल तेल दिलं. मान आणि कान तेलाने चमकत असे आमचे जावई बाकड्यावर बसले. "डब्यात काय होतं?" मी विचारलं. "बँकेचं फुकट मिळतं तसलं पेन," ते म्हणाले. "न उठणारं."

तेवढ्यात मोबाईल वाजला. राणीचं उत्तर आलं होतं. पत्ता दिला होता आणि खाली एवढंच, 'घरी आहे. दुपारी शिफ्ट. लवकर या.'

कोलाडहून रोह्याचा रस्ता हायवेपेक्षा बरा आहे. कंपन्यांच्या बस समोरून येत होत्या. कुंडलिकेला पाणी भरपूर होतं, धरणाचं सोडतात ते. जावई गाडी चालवता चालवता एका हाताने मान खाजवत होते आणि मी राणी कशी असेल त्याचा विचार करत होते. ओठ रंगवलेली, केस मोकळे सोडलेली असणार. आल्या आल्या नियम सांगणार. मी उत्तरंही तयार करून ठेवली होती. एवढी चांगली उत्तरं वाया गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर घर. जिन्यातच तुपाचा वास आला. दार उघडंच. आत चाळिशीची एक बाई जमिनीवर बसलेली, मॅक्सीवर ओढणी घेतलेली, हात पिठाने भरलेले. समोर परातीत मळलेला गोळा, एका पातेल्यात नारळाचं सारण, वर्तमानपत्रावर अर्ध्या झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. आणि तिच्या उजव्या हातात द्वारकीचं कातणं.

"या मावशी," ती म्हणाली. "उठत नाही, हात खराब आहेत. मी सुरेखा. राणी मोबाईलमध्ये." मग जावयांकडे बघून, "दादा, तेल कशाला चोपडलंय?"

"खाजकुयली," मी म्हटलं.

"कोलाडचा डबा!" ती हसत सुटली. "मीपण फसलेय तिथे."

मी खाली बसले आणि मुद्द्याचं बोलले. "बाई, ते कातणं परत पाहिजे."

तिचं हसू गेलं. "मावशी, मी चोरलेलं नाहीये. बदल्यात अडकित्ता ठेवला. नियमाप्रमाणे माझं आहे. आणि असं कातणं आता मिळत नाही. बाजारातलं आणते, दोन दिवाळ्यांत डुगडुगायला लागतं. हे मी डब्यात बघितलं ना, मला पटेचना. म्हटलं, कोणा येड्यानं हे सोडलं?"

"ह्यांनी," मी जावयांकडे बोट दाखवलं. "त्यांना खेळणं वाटलं."

"आणि ते तुमचं?"

"माझंही नाही. शेजारणीचं. उसनं आणलेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग जावयांकडे वळून अगदी हळू विचारलं, "दादा, तुम्ही उसनं दान केलंत?"

जावई दारातच उभे होते. त्यांच्या कानांना आता तेलाशिवायही रंग चढला.

मी पिशवीतून अडकित्ता काढून तिच्यापुढे ठेवला. "हा तुझा. कातणं मला दे. कोणाचं काही गेलं नाही."

तिने अडकित्त्याला हात लावला नाही. कोपरानेच बाजूला सारला. "हा नको. सासऱ्यांचा आहे. दिवसभर सुपारी नि तंबाखू. तोंडाचा आजार होऊन गेले. कटकट आवाज यायचा ना, तो अजून माझ्या कानात आहे. घरात नको होता मला. भंगारात टाकवेना, चांगली वस्तू आहे."

"म्हणून डब्यात ठेवलास."

"हो."

"नकोशी झालेली वस्तू दिलीस, आणि वर लिहिलंस, खरी वस्तू ठेवली."

"खरीच आहे की! आणि तुमच्या जावयांनी काय दिली? दुसऱ्याची! माझी निदान माझ्या घरातली होती."

तिने पुन्हा पारी लाटायला घेतली. "शिफ्टला जाताना ह्या घेऊन जायच्यात. आज आमच्या कंपनीत बायकांचं हळदीकुंकू आहे. दरवर्षी प्लॅस्टिकचं काहीतरी देतात एकमेकींना. मी म्हटलं, खाण्याचं न्यावं, खाऊन संपतं. आता कातणं देऊन टाकलं तर अर्ध्या करंज्यांना मुरड घालत बसू? तेवढा वेळ आहे का?"

"सरक," मी म्हटलं.

मी हात धुतले आणि बसले. ती लाटायची, मी सारण भरून मिटायची आणि कातणं फिरवायची. जावयांना नारळ खवायला बसवलं, सारण कमी पडत होतं. इंजिनीअर माणूस, पण खवणीवर बसायची जागा कुठली तेही दाखवावं लागलं. सुरेखाची पारी पातळ होती आणि मोहन (पिठात घालायचं कडकडीत तूप) सढळ. मी तिला म्हटलं, "एवढं तूप घालतेस? तेलात विरघळतील."

"विरघळल्या का?" ती म्हणाली. "कढईत बघा की."

नव्हत्या विरघळल्या. मी पुढची पारी उचलली.

करंज्या झाल्या. सुरेखाने कातणं गरम पाण्याने धुतलं, दातांमधलं पीठ काडीने काढलं, फडक्याने कोरडं केलं आणि माझ्या हातात देण्याआधी एकदा तळहातावर फिरवून बघितलं. तेवढंच. मग एक स्टीलचा डबा काढून त्यात करंज्या भरल्या आणि कातणं वर ठेवलं. "शेजारणीला सांगा, दोन दिवस चांगल्या हातात होतं."

मी तिला उरलेले सगळे पापड दिले. ते कातण्याच्या मोलाचे नव्हते हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने ते घेतले. अडकित्ता मात्र तिने घेतला नाही. "ज्याला पाहिजे त्याला द्या, मावशी. फक्त आमच्याकडे परत आणू नका."

जिन्यात जावई म्हणाले, "आई, तिने नियमाप्रमाणे स्वतःची वस्तू सोडली आणि आपण तिला..."

"गाडी काढा," मी म्हटलं. "द्वारकीच्या दिवेलागणीच्या आत पोचायचंय."

परतीच्या वाटेला आम्ही कुठे थांबलो नाही. गडबच्या सावरीजवळून गेलो तेव्हा जावयांनी गाडी हळू केली आणि मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. गाडी पुन्हा वेगात आली.

पेणला पोचून तशीच द्वारकीच्या दारात गेले. डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं, कातणं बाहेर काढलं, चाक फिरवलं, दात मोजल्यासारखे बघितले. मग एक करंजी उचलून चावा घेतला आणि तोंड हलवायची थांबली.

"ही करंजी तुझी नाय गो."

"काय म्हणतेस?"

"तू एवढं मोहन घालतच नाहीस. पन्नास वर्षं खातेय मी तुझ्या करंज्या. कोणाची हाय?"

बाजाराची गोष्ट मी वनिताला शिकवून गेले होते, पण स्वतः खोटं बोलायला मला जमत नाही. सगळं सांगितलं. गडब, सावरी, डबा, रोहा, सुरेखा. जावई माझ्या मागे उभे राहून पायाकडे बघत होते. द्वारकीचा चेहरा लाल झाला. ती माझ्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघू लागली.

"जावईबापू, विचारायचं तरी! खिडकीतनं आवाज दिला असता तर मी सांगितलं असतं, बाबा, नेऊ नको."

"चुकलं माझं," जावई म्हणाले. "त्या खेळात... कोणाला विचारावंच लागत नाही."

द्वारकी कातणं तळहातावर ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "रोह्याला जाऊन आलं हे? कोलाडवरनं?"

"हो."

"मी नाय गेले कधी," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तशी इथंच हाय. पनवेलपर्यंत गेलेय, ते पण दवाखान्यात." आणि ती हसायला लागली. "सासूचं कातणं माझ्यापेक्षा जास्त फिरलं गो!"

ती हसली म्हणून मी बसले. अडकित्ता काढला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, लग्नात विड्याला लागेल, पोपटाचा आहे, पातं बघ. कोणाचा, कसा आला, तेही सांगितलं. द्वारकीचा नवरा कधी सुपारी खात नाही, म्हणून तिला त्या आवाजाची भीती नव्हती. तिने तो घेतला आणि लगेच कपाटात ठेवला. मी तिला किती वाट बघायला लावली, माझा किती जीव टांगणीला लागला, त्याबद्दल एक शब्द नाही. अडकित्ता मलाही घरात नको होता. डोक्यावरचं ओझं उतरलं.

रात्री जावई मला समजावत होते की त्यांच्या खेळात भल्या मनाची माणसंही पुष्कळ असतात. असतील. सुरेखाला मी बघून आले. पण माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्यातही कंजूष बायका आहेत. एकच ब्लाउजपीस पाच घरं फिरून पुन्हा आपल्याच ओटीत येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तो कोणी फिरवला ते आम्हाला ठाऊक असतं. पुढच्या हळदीकुंकवाला तिच्याकडे कसं बघायचं ते आम्ही ठरवतो. तुमच्या डब्यात देणाऱ्याचं तोंड दिसत नाही, घेणाऱ्याचंही दिसत नाही, म्हणून तिथे रिकामी लिपस्टिक पडते. तोंड दाखवावं लागलं असतं तर कोणी ठेवली नसती.

जावयांना हे पटलं नाही. पटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे बायकांचा गलका सुरू झाला. करंज्यांना बायका जमल्या होत्या. मी जायच्या तयारीत होते, तेवढ्यात द्वारकीच्या नातीने काल नेलेला स्टीलचा डबा आणून दिला. "आजी म्हणाली, रिकामा कसा द्यायचा." डबा हातात हलका लागला. मी तो उघडला.

आत चहाची प्लॅस्टिकची गाळणी होती. मीच लुटलेली. कोऱ्या कागदात होती तशीच, एकदाही न वापरलेली.

जावई चहा पीत बसले होते. मी ती त्यांच्या हातात दिली. "घ्या. गडबच्या डब्यात ठेवा. धार नाही, खाण्याची नाही, नवी कोरी आहे. आणि या खेपेला वस्तू माझीच आहे."

त्यांनी ती उजेडात धरून बघितली, आणि खिशात ठेवली. मनापासून आवडली त्यांना.